प्रभागातला माणूस सभागृहाबाहेरच

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक तब्बल नऊ वर्षांनी, १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. २२७ जागांसाठी सुमारे सतराशे उमेदवार रिंगणात होते आणि त्यांत अपक्षांची संख्याही मोठी होती. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली, तेव्हा सर्वच्या सर्व जागा राजकीय पक्षांच्या पदरात पडल्या. एकही अपक्ष सभागृहात पोहोचला नाही. २०१७ सालच्या निवडणुकीत निदान पाच अपक्ष निवडून आले होते. सत्ता कोणाची, महापौर कोणाचा आणि युतीचे पुढे काय, या चर्चेत ही गोष्ट मागे पडली. शहराच्या कारभाराच्या दृष्टीने मात्र ती किरकोळ नाही.

अपक्ष म्हटला की तो बंडखोर, असे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. तिकीट नाकारले गेलेला माजी नगरसेवक किंवा प्रतिस्पर्ध्याची मते फोडण्यासाठी उभा केलेला उमेदवार, असेच बहुतेक अपक्षांचे स्वरूप असते, हे नाकारता येणार नाही. परंतु या गर्दीत आणखी एक जातकुळी आहे. नालेसफाई झाली की नाही, हे पावसाळ्याआधी स्वतः जाऊन पाहणारा, मैदानाचे आरक्षण बदलू नये म्हणून हरकती नोंदवणारा, माहितीच्या अधिकारात रस्त्याच्या कंत्राटाची कागदपत्रे मिळवणारा, विभाग कार्यालयातील कनिष्ठ अभियंता ज्याला नावाने ओळखतो असा एखादा माणूस प्रत्येक प्रभागात असतो. कुठे तो निवृत्त शिक्षक असतो, कुठे महिला बचत गटाची कार्यकर्ती, तर कुठे गृहनिर्माण संस्थेचा सचिव. हा माणूस निवडणुकीला उभा राहतो, तेव्हा परिसरातून एकच प्रतिक्रिया उमटते, 'माणूस चांगला आहे, पण निवडून येणार नाही.' आणि तो खरोखरच निवडून येत नाही.

याचा दोष साधारणपणे मतदारांच्या उदासीनतेवर टाकला जातो. त्यात तथ्य आहे. मुंबईत २०१२ साली जेमतेम ४५ टक्के, तर २०१७ साली सुमारे ५५ टक्के मतदान झाले होते. तथापि केवळ उदासीनतेने या पराभवाचा उलगडा होत नाही. प्रभागात कमावलेली पत मतांत आणि मतांतून मिळालेली जागा अधिकारात रूपांतरित होण्याच्या वाटेवर अनेक अडसर आहेत. त्यांतील बहुतेक अडसर कायद्याने आणि नियमांनी उभे केलेले आहेत.

जुहूचा प्रयोग

ही वाट पूर्णपणे बंद नाही, हे १ फेब्रुवारी २००७ रोजी झालेल्या मुंबई महापालिका निवडणुकीने दाखवून दिले होते. जुहूच्या प्रभाग क्रमांक ६३ मधून अडॉल्फ डिसूझा हे 'नागरिकांचे उमेदवार' म्हणून निवडून आले. प्रस्थापित पक्षांना बाजूला सारून रहिवाशांनी आपला उमेदवार सहमतीने ठरवला आणि तो विजयी केला, ही मुंबईच्या राजकारणात नवलाची बाब होती.

या विजयाला पार्श्वभूमी होती. महापालिकेने १९९७ पासून परिसर व्यवस्थापनाची योजना राबवली. कचऱ्याचे वर्गीकरण, गल्लीची स्वच्छता, पदपथांची देखभाल यांसाठी रहिवाशांचे गट स्थापन झाले आणि 'एएलएम' या नावाने ते शहरभर ओळखले जाऊ लागले. पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या महापुराने पश्चिम उपनगरांतील मध्यमवर्गालाही एक धडा दिला. नाला, पर्जन्यवाहिनी आणि अतिक्रमण हे विषय केवळ झोपडपट्टीचे नाहीत, ते आपल्याही उंबरठ्याशी येऊन ठेपले आहेत, ही जाणीव तेव्हा प्रखर झाली. तक्रार करून भागत नाही, निर्णय जेथे होतात तेथे आपला माणूस हवा, हा विचार त्यातून बळावला.

जुहूत उमेदवारापेक्षा पद्धत महत्त्वाची होती. एका व्यक्तीने अर्ज भरायचा आणि मग लोकांकडे पाठिंबा मागायचा, हा नेहमीचा क्रम तेथे उलटा झाला. आधी रहिवासी एकत्र आले, मग उमेदवार ठरला. निवडून आल्यावरही नगरसेवकाने लोकांना विचारून कामांचा क्रम ठरवावा, ही अपेक्षा त्यात गृहीत होती.

हा प्रयोग शहरभर नेण्याचा प्रयत्न २०१२ साली 'मुंबई २२७' या नावाने झाला. २२७ प्रभागांना २२७ नागरिक उमेदवार, हे त्यामागील स्वप्न नावातच सामावलेले होते. प्रत्यक्षात जुहूचे यश अन्यत्र उतरले नाही. जुहूत अनेक वर्षांच्या कामातून एक समूह आधी घडला होता. इतर ठिकाणी उमेदवार आधी आणि समूह नंतर, अशी स्थिती राहिली. प्रभागातील माणसाची ताकद प्रभागातच रुजलेली असते. ती शहराच्या पातळीवरून नावाच्या पाटीसह पुरवता येत नाही.

पक्षातला नागरिक

नागरी प्रश्नांवर लढणारा कार्यकर्ता पक्षाबाहेरचाच असला पाहिजे, असा मात्र नियम नाही. मुंबईच्या इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण तर नेमके उलट आहे. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या त्या समाजवादी चळवळीतून. 'पाणीवाली बाई' ही ओळख त्यांना नळावरच्या रांगेतल्या बायांनी दिली. ती ओळख घेऊन त्या पुढे १९७२ साली विधानसभेत आणि १९७७ साली लोकसभेत पोहोचल्या. अहिल्या रांगणेकर यांनीही कम्युनिस्ट पक्षात राहून महापालिकेत दीर्घकाळ काम केले.

त्या काळी पक्षाची शाखा आणि वस्तीचा प्रश्न यांत अंतर नव्हते. पाण्याच्या मोर्चात पुढे असणारा कार्यकर्ता हाच पक्षाचा स्वाभाविक उमेदवार असे. शिवसेनेच्या शाखांनीही पुढील दशकांत अनेक कार्यकर्त्यांना याच वाटेने सभागृहात नेले. आज हा धागा विरला आहे. तिकीटवाटपात उमेदवाराची खर्चाची कुवत, जातीचे गणित, आमदाराची मर्जी आणि ऐनवेळचे पक्षांतर यांना वजन असते. २०२५-२६ च्या निवडणुकीसाठी मुंबई, पुणे आणि नागपूर या महापालिकांत उमेदवाराची खर्चमर्यादा १५ लाख रुपये ठरवण्यात आली. खिशात इतके पैसे असणारा नालेसफाईच्या मागे धावणारा निवृत्त शिक्षक विरळाच. पक्षाचे दार बंद आणि अपक्षाची वाट खडतर, अशा कोंडीत हा कार्यकर्ता सापडला आहे.

सोडतीचा फेरा

पहिला अडसर आरक्षणाच्या सोडतीचा. महापालिकांत महिलांसाठी १९९० च्या दशकात एक तृतीयांश आणि २०११ च्या कायद्यानंतर निम्म्या जागा राखीव झाल्या. मुंबईत २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी असतात. हे आरक्षण आवश्यक आहे, न्याय्य आहे आणि त्यामुळे अनेक कर्तबगार कार्यकर्त्या सभागृहात आल्या, याविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो फिरत्या सोडतीचा. दर निवडणुकीला प्रभागाचे आरक्षण बदलते, अनेकदा सीमाही बदलतात. पाच वर्षे एका परिसरात राबलेल्या व्यक्तीला ती जागा आपल्या प्रवर्गासाठी खुली राहणार की नाही, हे निवडणुकीच्या काही आठवडे आधी कळते.

पक्षाच्या नगरसेवकाकडे यावर तोडगा असतो. तो शेजारच्या प्रभागात सरकतो किंवा घरातील महिलेला उमेदवारी मिळवून देतो. पक्षाचे चिन्ह कोणत्याही प्रभागात चालते. अपक्षाची पत मात्र त्याच्या चार गल्ल्यांपुरतीच असते. सीमारेषा सरकली की तिच्यासोबत त्याची मतेही सरकतात. निवडून आलेल्या नगरसेवकालाही पुन्हा तेथूनच लढता येईल याची शाश्वती नसते. ज्या मतदारांपुढे पुन्हा जायचेच नाही, त्यांना उत्तर देण्याची निकड किती राहणार, हा प्रश्न उरतोच.

चार मतांचे गणित

मुंबईबाहेर परिस्थिती आणखी बिकट आहे. मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो. राज्यातील इतर महापालिकांत बहुसदस्यीय पद्धत आहे आणि तीही स्थिर नाही. पुण्यात २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ साली एक सदस्याचा, २०१२ साली दोन सदस्यांचा, तर २०१७ साली चार सदस्यांचा. सरकार बदलले की प्रभागाचा आकार बदलतो, असा अनुभव मतदारांनी घेतला आहे. २०२६ च्या निवडणुकीत पुण्यात १६५ नगरसेवकांसाठी ४१ प्रभाग होते. त्यांपैकी ४० प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा.

अशा प्रभागाची लोकसंख्या पाऊण लाखाच्या पुढे जाते. मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यावे लागते. पक्षाचे चार उमेदवार एकाच चिन्हावर, एकाच पत्रकावर आणि एकाच खर्चात प्रचार करतात. मतदारही चारही ठिकाणी तेच चिन्ह शोधतो. अपक्षाला मात्र चार जणांचा मतदारसंघ एकट्याने पालथा घालावा लागतो. 'तीन मते कोणालाही द्या, पण एक मला द्या' हे त्याचे आवाहन कितीही प्रामाणिक असले, तरी मतदान यंत्रापुढे ते टिकत नाही.

त्यात वेळेचे गणित वेगळेच. २०२६ च्या निवडणुकीत अर्ज मागे घेण्याची मुदत २ जानेवारीला संपली आणि ३ जानेवारीला अपक्षांना चिन्हे मिळाली. प्रचार १३ जानेवारीला संपला. पक्षाचे चिन्ह मतदाराच्या मनात वर्षानुवर्षे ठसलेले असते. अपक्षाला आपले चिन्ह मतदारांपर्यंत पोहोचवण्यासाठी मिळाले अवघे अकरा दिवस.

निकालानंतरचा प्रश्नही याच पद्धतीतून उद्भवतो. चार नगरसेवक असलेल्या प्रभागात रस्ता उखडला तर जाब कोणाला विचारायचा? एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. श्रेय घ्यायला चौघांचे फलक झळकतात. प्रभागातल्या माणसाचे सारे भांडवल म्हणजे लोकांशी असलेला थेट संबंध. या रचनेत नेमका तोच पातळ होतो.

याच निवडणुकीत मतदानापूर्वीच राज्यभरात साठहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले. अर्ज मागे घेण्यासाठी आमिष आणि दबाव वापरला गेल्याचे आरोप विरोधकांनी केले. आरोपांचे काय व्हायचे ते होईल. त्या प्रभागांतील मतदारांना मात्र मत देण्याची संधीच मिळाली नाही. एकटा अपक्षही मैदानात टिकून राहिला असता तर तेथे मतदान झाले असते. अपक्ष उमेदवाराचे मोल त्याला मिळालेल्या मतांपुरते नसते, ते असे.

सभागृहात एकटा

समजा, हे सारे अडसर ओलांडून एखादा नागरिक उमेदवार निवडून आला. पुढे काय? १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांच्या हाती दिले आहेत. नगरसेवकाची ताकद असते ती समित्यांत. खर्चाच्या मोठ्या प्रस्तावांना मंजुरी देणारी स्थायी समिती, सुधार समिती, शिक्षण समिती येथे खरे निर्णय होतात. या समित्यांवरील जागा पक्षांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात. एकट्या अपक्षाला त्यात स्थान मिळणे दुरापास्त. निकालानंतर ठरावीक मुदतीत इतरांसह आघाडी स्थापन करण्याची मुभा कायद्यात आहे. त्यामुळे बहुतेक अपक्ष लवकरच कोणत्या तरी मोठ्या गटाच्या वळचणीला जातात. आघाडीत सामील झाला की पक्षांतरबंदीचा कायदा आणि पक्षादेश त्यालाही लागू होतात. लोकांना विचारून मत देईन, हे आश्वासन तेथे गटनेत्याच्या आदेशाशी टक्कर घेते.

तरीही एकट्या सदस्याचे मोल शून्य नसते. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या वेळी शहर सजवण्यासाठी पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, ही त्यांची भूमिका होती. सभागृहात ते एकटे पडले, पण नगरपालिकेचा पैसा कोणासाठी, हा प्रश्न त्या एका मताने कायमचा नोंदवून ठेवला. आजही एखादा सदस्य प्रस्तावाची कागदपत्रे वाचून उभा राहिला, तर प्रशासनाला उत्तर द्यावे लागते. मात्र असा सदस्य सभागृहात असला तरच.

नागरिक म्हणजे कोण?

नागरिक उमेदवाराच्या कल्पनेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. हे 'नागरिक' म्हणजे नेमके कोण? २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहते. परिसर व्यवस्थापनाचे गट आणि रहिवासी संघटना प्रामुख्याने इमारतींतल्या मध्यमवर्गाच्या आहेत. त्यांच्या मागण्यांत फेरीवाले हटवा, पदपथ मोकळे करा, अतिक्रमणे काढा या मागण्या अग्रभागी असतात. ज्यांची रोजीरोटी त्याच पदपथावर आहे, जे सार्वजनिक नळ आणि शौचालयासाठी नगरसेवकाच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवतात, तेही त्याच प्रभागाचे मतदार आहेत. आणि मतदानाच्या दिवशी रांगेत अधिक निष्ठेने उभे राहणारेही बहुधा तेच असतात.

पक्षाचा नगरसेवक कितीही टीकेस पात्र असला, तरी दाखला, शिधापत्रिका, रुग्णालयातील खाट, शाळेतील प्रवेश यांसाठी तो रात्री-अपरात्री उपलब्ध असतो. वस्तीतील मतदार त्याला मत देतो, त्यामागे भाबडेपणा नसून व्यवहार असतो. नागरिक उमेदवाराला वस्तीत मते का मिळत नाहीत, याचे उत्तर अनेकदा त्याच्या जाहीरनाम्यातच असते. तेथे उद्यान असते, सायकल मार्ग असतो, पण नळजोडणी नसते. सोसायटीचे फाटक ओलांडून शेजारच्या वस्तीत ज्याचे काम पोहोचले आहे, तोच खऱ्या अर्थाने प्रभागाचा उमेदवार ठरतो. मृणाल गोरे यांचे यश याच ठिकाणी होते.

रिकामी राहिलेली पायरी

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०२५-२६ चा ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा अर्थसंकल्प एकाही निर्वाचित सदस्याच्या चर्चेविना मंजूर झाला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर राज्यातील स्थानिक निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. या पोकळीच्या काळात प्रभागातील लोकांच्या तक्रारी विभाग कार्यालयापर्यंत नेण्याचे काम बऱ्याच अंशी याच कार्यकर्त्यांनी केले. निवडणूक जाहीर झाली, तेव्हा तिकिटांच्या याद्यांत त्यांची नावे अभावानेच दिसली.

नागरिकांना पाच वर्षांतून एकदाच नव्हे, तर सातत्याने कारभारात स्थान असावे, हा विचार कायद्याला नवा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्रातील कायद्यानुसार या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांच्या तीन प्रतिनिधींपर्यंत नियुक्ती करता येते. २००९ साली राज्याने क्षेत्रसभेची तरतूदही केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहरातील काही मतदान केंद्रांच्या मतदारांची ही सभा. नगरसेवकाने तेथे लोकांपुढे यावे, कामांचा अग्रक्रम त्यांच्यासह ठरवावा, ही त्यामागील कल्पना. व्यवहारात क्षेत्रसभा कागदावरच राहिली आणि प्रभाग समित्यांवरील नियुक्त्याही बहुतेक ठिकाणी रखडल्या किंवा पक्ष कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी वापरल्या गेल्या.

ग्रामसभेत बोलू लागलेला माणूस पुढे सरपंच होतो. शहरात ही पायरीच बांधलेली नाही. त्यामुळे प्रभागातला माणूस थेट निवडणुकीच्या आखाड्यात उडी घेतो, अनामत रक्कम गमावतो आणि पुन्हा तक्रारीचे अर्ज लिहायला बसतो. क्षेत्रसभा नियमित भरू लागल्या, तर असा कार्यकर्ता निवडणुकीआधीच लोकांच्या परीक्षेला उतरेल. फेरीवाला आणि सोसायटीचा सचिव एकाच सभेत समोरासमोर येतील. तेथे दोघांनाही समजावू शकणारा कोण, हे प्रभागाला कळेल, आणि पक्षांनाही कळेल. उमेदवार शोधण्यासाठी मग त्यांना ऐनवेळच्या पक्षांतरावर विसंबण्याचे कारण उरणार नाही.

प्रभागाचा आकार किमान दोन-तीन निवडणुकांपुरता तरी स्थिर ठेवणे, आरक्षणाचे चक्र वर्षभर आधी जाहीर करणे आणि एक प्रभाग एक नगरसेवक या पद्धतीचा सर्व शहरांत फेरविचार करणे, या गोष्टींना घटनादुरुस्तीची गरज नाही. राज्य सरकारची इच्छाशक्ती तेवढी हवी. मात्र सध्याची रचना सर्वच पक्षांच्या सोयीची असल्याने त्यांच्याकडून ही मागणी आपणहून पुढे येण्याची शक्यता कमी. ती लोकांनाच लावून धरावी लागेल.

नवे सभागृह आता अस्तित्वात आले आहे. पावसाळ्यापूर्वी नाल्याच्या काठावर उभे राहून गाळ मोजणारा माणूस मात्र त्या सभागृहाबाहेरच आहे. त्याला आत घेण्याचा विषय पुढील निवडणुकीपर्यंत थांबण्यासारखा नाही. क्षेत्रसभांच्या सीमा जाहीर करून त्या भरवण्याची मागणी प्रत्येक प्रभागातील मतदाराला आपल्या नवनिर्वाचित नगरसेवकाकडे आजच करता येईल. या मागणीला कोण होकार देतो आणि कोण टाळतो, यावरूनही २०२६ च्या या निकालाचा अर्थ शहराला उमजू लागेल.